रानातली खोली आणि दाराशी टोपली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता. आमच्या थोरल्या ताईंच्या घरी जेवणे आटोपली आणि भाचीने हळूच विषय काढला. "मामा, एक अर्ज भरायचा आहे. थोडं बसाल का माझ्याजवळ?" आम्हाला वाटले, नोकरीचा असेल. खिशातून चष्मा काढला, पेन काढले. (आता अर्जाला पेन लागत नाही, हे आमच्या ध्यानात राहत नाही.) पण अर्ज नोकरीचा नव्हता, शिष्यवृत्तीचाही नव्हता. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर नावाचे राज्य आहे, त्यात पीटरबरो म्हणून एक लहानसे गाव आहे. तिथल्या रानात कलावंताला एक खोली देतात, सहा आठवड्यांपर्यंत राहू देतात, तिन्ही वेळा जेवू घालतात आणि बदल्यात काही मागत नाहीत. त्या खोलीसाठी हा अर्ज होता.

ताई भांडी घासता घासता थांबल्या. "काहीच मागत नाही? मंग देते कायले?"

प्रश्न रास्त होता. आपल्याला फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत पुढे कुठेतरी मोजावी लागते, हा पिढ्यांचा अनुभव. म्हणून आम्ही आधी ती संस्था कुणाची, कुठली, याची माहिती काढली. ती वाचकांनाही सांगतो, कारण आपल्या वस्त्यांत आज चित्रे काढणारी, लिहिणारी, छोटे सिनेमे करणारी मुले-मुली पुष्कळ आहेत, आणि हा दरवाजा आहे हेच त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

याला इंग्रजीत आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणतात. मराठीत शब्द अजून रुळलेला नाही. आम्ही आपले 'कलावंतांचा निवास' म्हणतो. पीटरबरोच्या संस्थेचे नाव मॅकडॉवेल. एडवर्ड मॅकडॉवेल हे संगीतकार १८९६ साली कोलंबिया विद्यापीठात संगीताचे पहिले प्राध्यापक झाले. हेच ते कोलंबिया, जिथे १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले. तोवर एडवर्ड हयात नव्हते, म्हणजे भेटीचा प्रश्नच नाही. पण नाव ओळखीचे निघाल्यावर आमच्या ताईंचा चेहरा जरा सैल झाला, म्हणून हे नमूद केले.

एडवर्ड आणि त्यांच्या पत्नी मरियन यांनी पीटरबरोला शेत घेतले. मरियनबाई स्वतः पियानो वाजवणाऱ्या. रानात झाडांच्या ओंडक्यांची एक खोली बांधली, तिथे एडवर्ड स्वरलेखन करीत बसत. मरियनबाई दुपारचे जेवण टोपलीत घालून नेत आणि आवाज न करता दाराशी ठेवून परत येत, असे सांगतात. पुढे एडवर्ड आजारी पडले. असे एकांताचे काम इतर कलावंतांनाही करता यावे, ही दोघांची इच्छा होती. १९०७ साली तिथे पहिल्यांदा कलावंत राहायला आल्या त्या दोन बहिणी: शिल्पकार हेलन मिअर्स आणि लेखिका मेरी मिअर्स. १९०८ साली एडवर्ड वारले. नंतर कित्येक वर्षे मरियनबाई गावोगाव फिरल्या, पियानोचे कार्यक्रम केले, भाषणे दिली, पैसा जमवला आणि एकेक खोली उभी केली. संस्था त्यांच्या नवऱ्याच्या नावाची, पण उभी राहिली ती बाईच्या पायपिटीवर. त्या १९५६ साली गेल्या, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी.

आज तिथे सुमारे साडेचारशे एकर रान आहे आणि त्यात बत्तीसच्या आसपास काम करायच्या खोल्या. एका खोलीतून दुसरी दिसत नाही. साहित्य, चित्र-शिल्प, संगीतरचना, चित्रपट, नाटक, वास्तुकला आणि या कुठल्याच कप्प्यात न बसणारी कामे, असे सगळे मिळून वर्षाला तीनशेच्या घरात कलावंत येतात. बोलावल्याशिवाय कुणी कुणाच्या खोलीत जात नाही. आणि टोपलीची चाल आजही चालू आहे. दुपारी कुणीतरी येतो, जेवणाची टोपली दाराशी ठेवतो आणि निघून जातो. खोलीतल्या लाकडी पाटीवर आधी राहून गेलेल्यांनी आपापली नावे लिहून ठेवलेली असतात.

हे आम्ही मोठ्याने वाचून दाखवले. ताई म्हणाल्या, "म्हणजे सैपाक दुसऱ्यानं करायचा अन् दारात आणून ठेवायचा. अन् भांडे?"

"भांडीही तेच नेतात."

ताई काही बोलल्या नाहीत. त्या अंगणवाडी सेविका आहेत. पहाटे नळ येतो म्हणून साडेचारला उठतात, सगळ्यांचे डबे करतात, दिवसभर दुसऱ्यांची लेकरे सांभाळतात आणि संध्याकाळी पुन्हा चूल. तीस वर्षांत त्यांच्या दाराशी कुणी जेवण आणून ठेवल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्ही स्वतःही ठेवलेले नाही, हे कबूल केले पाहिजे.

खरी अडचण आजींनी काढली. आजी म्हणजे ताईंच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढल्या, लग्नानंतर नागपूरला आल्या आणि पुढे चाळीस वर्षे बिड्या वळल्या. इतका वेळ त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आपन खेडं सोडून आलो, अन् हे पोरगी अर्ज करून खेड्यात जातो म्हनते! तिथं पान्याले मनाई तं नाही ना?"

भाची हसली. आम्हाला हसू आले नाही. कलावंतांच्या निवासांची जी माहितीपत्रके असतात, त्यांत खेड्याचे वर्णन ठरलेले असते. शांतता, झाडे, पाखरे, साधी माणसे. ज्यांनी खेडे खिडकीतून पाहिले त्यांचे ते खेडे. आजींच्या खेड्यात विहीर होती आणि विहिरीपासून लांब उभे राहून कुणीतरी पाणी घालील याची वाट पाहणे होते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याबद्दल जे सांगितले ते अनेकांना तेव्हा कडू लागले, पण आजींसारख्यांना ते समजावून सांगावे लागले नाही. निवाऱ्याचे म्हणाल तर शिक्षण, पदवी आणि नोकरी हातात असूनही १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना डोके टेकायला जागा मिळाली नव्हती, आणि बडोदा तर शहर होते. तेव्हा 'राहायला जागा देतो' या शब्दांकडे आपल्या माणसांनी संशयाने पाहिले तर त्यांना मागासलेले म्हणू नये.

म्हणून आम्ही आजींच्या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्या रानातल्या खोल्यांत कोण कोण राहून गेले? जेम्स बाल्डविन हे काळे लेखक १९५४ साली तिथे होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, गरिबीत, नऊ भावंडांत थोरले म्हणून वाढलेला हा माणूस. घरात लेकरांचा गोंगाट आणि एका हातात पुस्तक, हे चित्र आपल्याला परके नाही. पुढे अॅलिस वॉकर याही तिथे राहिल्या. त्यांचे आईवडील जॉर्जिया राज्यात दुसऱ्याच्या शेतावर बटईने राबणारे. त्याच धाटणीच्या याडो नावाच्या दुसऱ्या संस्थेत, न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जला, लँगस्टन ह्यूज १९४२ साली गेले होते. १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले, त्यांच्या पिढीला अमेरिकेतले काळे लेखक परके नव्हते. फक्त ते लेखक लिहायला कुठे बसत, कुणाच्या चुलीवर जेवत, हे आम्ही कधी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट. या संस्थेच्या नावात शंभर वर्षे 'कॉलनी' हा शब्द होता. कलावंतांची वसाहत, अशा सरळ अर्थाने तो ठेवला होता. पण वसाहत म्हटले की ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना काय आठवते? आणि त्या शब्दात कोण आत, कोण बाहेर याचीही रेघ असतेच. तिथल्या कर्मचाऱ्यांनीच मागणी केली आणि २०२० च्या जुलैमध्ये संस्थेने तो शब्द नावातून काढला. नाव बदलले म्हणजे सगळे बदलले असे नाही. नामांतरासाठी सोळा-सतरा वर्षे झगडलेल्या मराठी माणसाला हे कुणी शिकवायला नको. पण नावात काही नसते असेही आपण म्हणत नाही.

आजींना आम्ही एवढेच सांगितले, "पाण्याला मनाई नाही." त्यांनी मान डोलावली. पटले की नाही, सांगता येत नाही.

आता अर्जाकडे येऊ. भाची चित्रकलेची पदवी घेऊन एका खाजगी शाळेत मुलांना चित्रकला शिकवते. घर दोन खोल्यांचे. तिची सगळी चित्रे एका मापाची आहेत. आम्हाला वाटायचे, ती तिची शैली असेल. एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "दिवाणाखाली मावतील एवढीच काढते." रात्री नऊनंतर सगळ्यांची अंथरुणे पडेपर्यंत जो वेळ आणि जी जमीन मिळते, तेवढ्यात तिचे काम चालते. चित्रे बिड्यांची आहेत. आजींकडून ऐकलेले सगळे: तेंदूची पाने भिजवणे, पत्र्याच्या मापावर कातरीने कापणे, तंबाखू भरून वळणे, दोरा बांधणे, मांडीवरचे सूप. आणि हजाराच्या मोजणीत ठेकेदार खराब म्हणून बाजूला काढी त्या बिड्या, ज्यांचे पैसे मिळत नसत. त्या बाद बिड्या ती तेंदूच्याच पानांवर एकेक करून काढते.

अशा अर्जात सर्वांत वजन असते ते कामाच्या नमुन्यांना. पदवी विचारत नाहीत. मात्र त्या वेळी कुठल्या पदवीच्या वर्गात नाव असेल तर मॅकडॉवेलमध्ये अर्ज चालत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या त्या कलेतली जाणती माणसे नमुने पाहतात आणि निवड करतात. म्हणजे सगळी मदार फोटोंवर. भाचीने पहिले फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढले. पाने निळसर दिसली, आणि एका चित्राच्या कोपऱ्यात ताईंची वाळत घातलेली साडी. मग एका सकाळी आम्ही सगळे गच्चीवर. ऊन अजून अंगावर यायचे होते, सावलीतला सारखा उजेड होता. पांढऱ्या चादरीवर चित्र सरळ ठेवायचे, मोबाइल तिरपा होऊ द्यायचा नाही, स्वतःची सावली पडू द्यायची नाही. दोन तास गेले. शेजारच्या बाईंनी विचारले, "काय विकायला काढलं का?" असो. फोटो चांगले आले.

दुसरा भाग निवेदनाचा. तुम्ही काय काम करता आणि इथे येऊन काय करू इच्छिता, ते थोडक्यात लिहा. इथे आम्ही पुढे सरसावलो. तीस वर्षे लेख लिहितो आहोत, जयंतीची भाषणे केली आहेत. आम्ही तिला एक पान झरझर सांगितले. शतकानुशतकांची गुलामी, मूकनायकांचा आक्रोश, क्रांतीची मशाल, शोषितांचा हुंकार. तिने इमानाने लिहून घेतले. मग वाचून दाखवले आणि म्हणाली, "मामा, छान आहे. पण यात माझं चित्र कुठं आहे?"

आम्हाला राग आला, खोटे कशाला सांगा. पण पान पुन्हा वाचले तेव्हा दिसले, की ते कुणाचेही असू शकले असते. त्यात तेंदूचे पान नव्हते, कातर नव्हती, आजींचे अंगठ्याचे झिजलेले नख नव्हते. आपण दुःख एवढे घोटून पाठ केले आहे, की ज्याचे ते आहे त्याचे तोंड त्यात दिसेनासे होते. भाचीने ते पान बाजूला ठेवले आणि स्वतः लिहिले. आठ-दहा ओळी. मी बाद झालेल्या बिड्या काढते. त्या माझ्या आजीने वळल्या होत्या. एवढी वर्षे मी दिवाणाखाली मावतील अशी चित्रे काढली. मला एक चित्र काढायचे आहे ज्यात पाच बाया ओळीने बसून बिड्या वळत आहेत आणि त्या खऱ्या बायांएवढ्या आहेत. त्यासाठी मला भिंत लागेल. इंग्रजी तिने स्वतःच केले, साधे. तिच्या एका मैत्रिणीने तेवढे तपासले. आम्ही फक्त स्वल्पविराम पाहिले.

अनेक ठिकाणी तुमचे काम ओळखणाऱ्या माणसाचा अभिप्रायही मागतात. नातेवाइकांत चर्चा झाली. एकाने सुचवले, नगरसेवकांचे पत्र घेऊ, लेटरहेड रंगीत आहे. त्याची भावना चांगली होती. पण अभिप्राय देणाऱ्याने चित्र पाहिलेले असावे लागते. तिच्या जुन्या प्राध्यापकांपैकी एकजण म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." ती परत आली. शेवटी शाळेत असताना ज्यांनी तिला पहिल्यांदा रंगाची पेटी दिली, त्या निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे गेली. त्यांनी दोन दिवस मागितले आणि हाताने लिहून दिले. ते पुढे टंकित करावे लागले.

पैशाचे सांगितले पाहिजे, कारण पालक आधी तेच विचारतात. राहणे आणि जेवण यांचे काही द्यावे लागत नाही. गरज असलेल्यांना प्रवासखर्चासाठी आणि वरखर्चासाठी मदत मागता येते, आणि ती मागितली म्हणून निवडीत फरक पडत नाही. पण प्रवासखर्च परत मिळणार म्हणजे आधी तो खिशातून करावा लागणार. विमानाचे भाडे लाखाच्या घरात. ज्याच्याकडे लाख रुपये तीन महिने अडकवून ठेवायला आहेत त्याला ही मदत सोपी. ताईंच्या घरी ती भिशी आणि सोसायटीच्या कर्जातून उभी करावी लागली असती. शिवाय पासपोर्ट, व्हिसाची फी, मुलाखतीला मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात हेलपाटा. अर्ज करण्याआधी पासपोर्ट तरी काढून ठेवावा, हे आम्ही अनुभवाने सांगतो. भाचीच्या शाळेने तर स्पष्टच सांगितले, दीड महिना जायचे असेल तर राजीनामा देऊन जा. त्या रात्री घरात बरेच बोलणे झाले. ताईंचे यजमान कमी बोलतात. ते म्हणाले, "नोकरी दुसरी भेटन. भिंत भेटन का?" त्यावर विषय संपला.

अर्ज गेला. काही महिन्यांनी उत्तर आले: या वेळी जागा देता येत नाही. चार सभ्य ओळी. जागा तीनशेच्या आसपास आणि अर्ज काही हजार, हे आधीपासून माहीत होते. तरी घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भाचीने दुसऱ्या संस्थांची यादी काढली. देशातही अशी ठिकाणे आहेत, युरोपातही आहेत. काही निवास देतात पण जेवणाचे पैसे घेतात, काही उलट भाडेच मागतात आणि त्याला रेसिडेन्सी म्हणतात. जिथे कलावंतालाच महिन्याचे मोठे भाडे भरायला सांगतात, तिथे नियम दोनदा वाचावेत. पुण्याच्या राज्यश्री गुडी अॅमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत निवासी कलावंत म्हणून राहून आल्या आहेत. त्यांचे कामही अन्न आणि जात यांच्याभोवतीच फिरते. तेव्हा आपल्या मुलींना हे दार बंद आहे असे नाही.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा ताईंकडे गेलो. रविवारचे बारा वाजले होते. आतल्या खोलीचे दार लोटलेले. आत दिवाण भिंतीला उभा केलेला होता, कागदाचे चार मोठे ताव जोडून जमिनीवर अंथरले होते, असे नंतर कळले. रविवारी अकरा ते तीन ती खोली भाचीची, असे घरात ठरले आहे. भाजी-पोळी धाकटा भाचा करतो. भाजीत मीठ कमी होते, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याने डबा भरला, वर पाण्याची बाटली ठेवली आणि दाराशी नेऊन ठेवला. आम्ही सवयीने दार ढकलायला गेलो, तर उंबऱ्याजवळ बसलेल्या आजींनी काठी आडवी केली.

"भाऊ, बसा इथंच," त्या म्हणाल्या. "आत काम चालू हाय."